मुका मार: पार्किंगमधली सायकल, हळू गाडी आणि नऊ वर्षांची मुलगी

सोमवारी रात्री पावणेदहाला ती आमच्या कॅज्युअल्टीत आली, ती वडिलांच्या कडेवर. नऊ वर्षांची, चौथी पास झालेली, २४ किलो वजनाची मुलगी. कडेवर घ्यायचं वय कधीच सरलेलं, पण तिला सरळ उभंच राहता येत नव्हतं. गुडघे पोटाशी ओढून घेतलेले, उजव्या पायाला बँडेज, ओठ सुकलेले. मागोमाग आई, हातात पहिल्या हॉस्पिटलचे कागद.

"शनिवारी हिच्या पायावरून गाडी गेली. आमच्या सोसायटीतच. पण गाडी हळूच होती हो डॉक्टर," आई म्हणाली. रविवारपासून उलट्या होत होत्या, आज ताप आला होता. पायाच्या जखमेत पू झाला असेल आणि त्याचाच ताप असेल, असं घरच्यांना वाटत होतं.

मी बालशल्यचिकित्सक आहे, पुण्यात काम करते. हे प्रकरण लिहायला मुलीच्या आईवडिलांनी परवानगी दिली आणि गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्यांनीही दिली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जखमा कशा झाल्या आणि आमच्या नजरेतून कशा निसटल्या, ते मात्र घडलं तसंच लिहिते आहे. 'गाडी हळूच होती' हे वाक्य मी पुढच्या काही महिन्यांत शेजाऱ्यांच्या, हवालदारांच्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या तोंडूनही ऐकलं. प्रत्येकाने ते खरंच सांगितलं होतं. पण त्या खऱ्या वाक्यामुळेच या मुलीचे दोन दिवस वाया गेले.

शनिवार, संध्याकाळचे साडेसहा

मे महिन्याची सुट्टी. सात मजली इमारत, खाली स्टिल्ट पार्किंग. खांबांच्या दोन रांगा आणि मधून गाड्या ये-जा करायची वाट. गेटकडून एक छोटा उतार या वाटेवर येतो. मुलं उतारावरून सायकल सोडतात, खांबांमधून वळसा घेऊन पुन्हा वर जातात. आम्हीही लहानपणी वाड्याच्या बोळात हेच करायचो. फरक इतकाच, की बोळात तेव्हा गाड्या नव्हत्या.

शेजारचे काका गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढत होते. गाडी साधारण दीड टन वजनाची. ॲक्सिलरेटरला पाय लावलेलाच नव्हता, नुसता क्लच सोडला होता, असं त्यांनी मला सांगितलं. म्हणजे माणसाच्या चालीचा वेग. मुलगी उतारावरून आली तेव्हा गाडी तिच्या उजव्या हाताला होती आणि समोर डावीकडे खांब. गाडीच्या मागच्या बंपरने तिला उजव्या बाजूने ढकललं. सायकलचं पुढचं चाक खांबावर आपटून डावीकडे वळलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण या वळण्यात आहे. चाक डावीकडे पूर्ण वळलं की हँडल आडवं राहत नाही. त्याचं उजवं टोक पुढे जातं आणि डावं टोक थेट चालवणाऱ्याच्या पोटाकडे येतं. उजवं टोक खांबाला टेकलं. आता हँडल म्हणजे खांब आणि पोट यांच्यामध्ये अडकलेली एक लोखंडी कांब झाली, आणि मागून दीड टन वजन हळूहळू पुढे सरकत होतं.

हे सगळं दोनेक सेकंदांत झालं. मग सायकल कलंडली, मुलगी गाडीच्या बाजूला पडली आणि उजवा पाय मागच्या चाकाखाली गेला. किंकाळी ऐकून काकांनी ब्रेक दाबला आणि घाबरून गाडी पुढे घेतली. चाक पायावर चढलं आणि त्याच वाटेने उतरलं.

सगळे धावले ते पायाकडे. पायातून रक्त येत होतं.

कागदावर नसलेली सायकल

पहिल्या हॉस्पिटलमध्ये अर्ध्या तासात पोहोचले. तिथे पायाचा एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, बँडेज बांधलं, वेदनाशामक सिरप लिहून दिलं आणि घरी पाठवलं. केसपेपरवर एक ओळ होती: 'आरटीए, उजव्या पायावरून कार गेली.' आरटीए म्हणजे रस्ता अपघात. तो रस्त्यावर झालेलाच नव्हता. आणि सायकल हा शब्द कागदावर कुठेच नव्हता.

तिथल्या डॉक्टरांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. आईवडिलांनी 'पायावरून गाडी गेली' असं सांगितलं, मुलगी पायासाठी रडत होती, रक्त पायातून येत होतं. पोट दुखतं का असं विचारलं असतं तरी तिने त्या क्षणी नाही म्हटलं असतं. पण 'गाडी आली तेव्हा ती काय करत होती?' एवढा एक प्रश्न विचारला गेला असता, तर सायकल कागदावर आली असती, आणि सायकल आली असती तर हँडलही आठवलं असतं.

रविवारी सकाळी अंग पुसताना आजीला बेंबीच्या वर, जरा डावीकडे, एक गोल वळ दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा, कडेला लालसर निळा आणि मधे फिका. आजी म्हणाल्या, "पोटाला मुका मार लागलाय गं." त्यांनी आंबेहळद उगाळून लेप लावला. मुलीने दुपारी आमरसाला हात लावला नाही, संध्याकाळी हिरवट उलटी केली. पायाच्या औषधाने मळमळत असेल म्हणून घरच्यांनी सिरप बंद केलं. सिरप थांबल्यावर पोटातली कळ उघडी पडली.

त्या घरात, आणि पहिल्या हॉस्पिटलातही, या जखमेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणाऱ्या आजी एकट्याच. वैद्यकात ज्याला बोथट आघात म्हणतात त्याला मराठीत 'मुका मार' हा शब्द आहे, आणि मला तो फार नेमका वाटतो. कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही, मार लागल्याचं शरीर बोलून दाखवत नाही.

तपासणी

आमच्याकडे आली तेव्हा नाडी मिनिटाला १३८, रक्तदाब १०४/६६, ताप १०१. रक्तदाबाचा आकडा बघून कोणालाही हायसं वाटेल, पण लहान मुलांच्या बाबतीत हा आकडा भरवशाचा नाही. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ७५ ते ८० मिलिलिटर रक्त असतं. हिच्या अंगात फार तर एकोणीसशे मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या दोन बाटल्याही नाहीत. त्यातलं पाव ते तिसरा हिस्सा गेलं तरी मुलाच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवून धरतात. तो पडतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आधी बोलते ती नाडी. हिची नाडी ताप आणि वेदना धरूनही जास्तच होती.

पोटावर आंबेहळदीचा पिवळा डाग होता. तो ओल्या कापसाने पुसला आणि खाली ते वर्तुळ दिसलं. हात टेकवताच ती कळवळली. मी वडिलांना विचारलं, "सायकल कुठे आहे?"

"सायकल? ती काय, खाली मीटर रूममध्ये ठेवलीय."

"तिच्या हँडलला रबरी ग्रिप आहे का?"

वडील जरा थांबले. "डाव्या बाजूची दिवाळीपासूनच निघालीय. आणायची राहून गेली."

दुसऱ्या दिवशी ते सायकल स्कूटरवर घालून हॉस्पिटलच्या आवारात घेऊन आले. हँडलची नळी साधारण २२ मिलिमीटर जाडीची, टोक उघडं, आत पोकळ. मी कागदावर तिचा ठसा घेतला आणि मुलीच्या पोटावरच्या वळाच्या फोटोशेजारी ठेवला. मध्ये फिका आणि कडेला गडद का, ते लगेच कळलं: पोकळ नळीची फक्त कड कातडीत रुतली होती. वडील बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिले. त्यांना काय सांगावं ते मला सुचलं नाही. शंभराच्या आत मिळणारी वस्तू होती ती.

त्या रात्रीच्या रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारा एक पाचक घटक, १,८४० आलं, आमच्या लॅबची वरची मर्यादा ६०. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं, पण स्वादुपिंड आतड्यातल्या हवेमागे झाकलेलं होतं. ते बऱ्याचदा तसंच झाकलेलं असतं, म्हणून सोनोग्राफी 'नॉर्मल' आली की स्वादुपिंड सुटलं असं कधीच धरायचं नसतं. सीटी स्कॅनमध्ये उत्तर मिळालं: स्वादुपिंड मणक्यावरून जिथे आडवं जातं, नेमकं तिथे त्याचे दोन तुकडे झालेले, आणि भोवती स्राव साचलेला. एमआरसीपीने, म्हणजे नलिका दाखवणाऱ्या एमआरआय तपासणीने, स्वादुपिंडाची मुख्य नलिका तुटल्याचं पक्कं केलं. अवयवांच्या इजांची जी अमेरिकन श्रेणी आम्ही वापरतो, तिच्यात ही पाचपैकी तिसरी श्रेणी. प्लीहा आणि यकृत शाबूत होते.

स्वादुपिंडच का

मोठ्या माणसाच्या पोटावर चरबी असते, स्नायू जाड असतात, बरगड्या खालपर्यंत येतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटाच्या भिंतीपासून मणक्यापर्यंतचं अंतर माझ्या तळहाताच्या रुंदीइतकंही नसतं. त्या जागेत सर्वांत मागे, मणक्याला चिकटून आडवं पसरलेलं असतं ते स्वादुपिंड. जठर आणि आतडी पोकळ असतात, सरकतात, बाजूला होतात. स्वादुपिंड जागेला खिळलेलं असतं, त्याला पळायला वाट नसते. समोरून हँडल दाबलं की ते हँडल आणि मणका यांच्यात सापडतं. अडकित्त्यातली सुपारी आठवावी. म्हणूनच मुलांच्या स्वादुपिंडाच्या दुखापतींमध्ये सायकलचं हँडल हे जगभर ओळखलं गेलेलं, वारंवार भेटणारं कारण आहे.

आणि म्हणूनच वेगाचा हिशोब इथे चुकतो. वेग कमी तर मार कमी, हे माणूस मोकळ्या जागेत धक्का लागून पडतो तेव्हा बऱ्याच अंशी खरं असतं. मागे खांब, भिंत किंवा दुसरी गाडी असेल, तर तिथे धडक बसत नाही, माणूस चेपला जातो. चेपायला वेग लागत नाही, वजन पुरतं. आणि इथे ते वजन चार चौरस सेंटिमीटरही नसलेल्या नळीच्या टोकातून पोटात शिरलं.

स्वादुपिंड पचनाचे रस तयार करतं. ते नलिकेतून आतड्यात गेले तर जेवण पचतं, नलिका तुटून पोटात सांडले तर शेजारचे अवयव पचायला लागतात. हे सांडणं हळूहळू होतं, म्हणून पहिले काही तास मूल बरं दिसतं. शनिवारी रात्रीच सीटी केला असता तरी तुटलेली रेघ दिसली असती, अशी खात्री मी देऊ शकत नाही. पहिल्या तासांतल्या स्कॅनमध्ये ती निसटते. पण तिला भरती करून घेतलं असतं, उपाशी ठेवलं असतं, बारा तासांनी लायपेज पुन्हा पाहिलं असतं, तर रविवारीच कळलं असतं.

हा उशीर का महत्त्वाचा, तर त्याने उपचाराचा रस्ता बदलला. अशा इजेत पहिल्या एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून, प्लीहा वाचवून, स्वादुपिंडाचा तुटलेला शेपटाकडचा भाग काढता येतो. काही बालशल्यचिकित्सक तेच पसंत करतात. काही जण ऑपरेशनशिवाय थांबतात, गळू झालं तर नंतर त्याचा निचरा करतात. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत आणि हा वाद मिटलेला नाही. मी स्वतः लवकर आलेल्या मुलात ऑपरेशनच्या बाजूने झुकते. पण पन्नास तासांनी सगळं सुजून एकमेकांना चिकटलेलं असताना पोट उघडलं, तर बरं करण्यापेक्षा बिघडवण्याची भीती जास्त. आम्ही थांबलो.

थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. तोंडाने पूर्ण बंद, नाकातून जठराच्या पुढे आतड्यात उतरवलेली नळी, तिच्यातून थेंब थेंब दूधपावडर, नसेतून वेदनाशामक, रोज वजन, रोज पोटाचा घेर. दुर्बिणीने नलिकेत स्टेंट घालून पाहिला, तो तुटलेल्या भागापलीकडे जाईना, मग नाद सोडला. तिसऱ्या आठवड्यात घरी सोडलं तेव्हा वजन २१ किलो होतं. पाचव्या आठवड्यात पोटात आठ सेंटिमीटरचं स्रावाचं गळू तयार झालं होतं. त्याची भिंत पिकेपर्यंत आणखी आठवडाभर वाट पाहिली आणि एंडोस्कोपीने जठरातूनच त्याला वाट काढून दिली. शाळा जूनच्या मध्यात सुरू झाली, ही पाचवीच्या वर्गात गेली ती नारळी पौर्णिमा झाल्यावर.

पाय

पायाबद्दल सगळे निश्चिंत होते, कारण एक्स-रे चांगला होता. भरती झाल्यावर दोन दिवसांनी बँडेज सोडलं आणि पाऊलभर काळीनिळी कातडी दिसली. चाक पायावरून जातं तेव्हा नुसतं दाबत नाही, फिरत फिरत कातडीला ओढून नेतं. वरची कातडी चाकाबरोबर जाते, खालचं हाड आणि स्नायू जागेवर राहतात. मधला थर सुटतो आणि त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. वरून कातडी अखंड दिसते, पण तिचं रक्त तुटलेलं असतं. कातडीच्या या आतल्या आत सोलवटण्याला मोरेल-लाव्हाले या फ्रेंच शल्यचिकित्सकाचं नाव आहे, त्याने एकोणिसाव्या शतकात याचं वर्णन केलं होतं. एक्स-रेला हे दिसत नाही. एक्स-रेला फक्त हाड दिसतं.

हिच्या पायावरून चाक दोनदा गेलं, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. काका घाबरून पुढे गेले त्यात त्यांचा दोष काढता येत नाही, कोणीही तेच करेल. पण सांगून ठेवते: माणूस चाकाखाली असेल तर गाडी बंद करून हँडब्रेक ओढावा आणि माणसं जमवून गाडी उचलावी. सोसायटीत ती पाच मिनिटांत जमतात.

प्लास्टिक सर्जनने मेलेली कातडी काढून मांडीवरची लावली. पाऊल आज व्यवस्थित टेकतं. कातडीचा रंग वेगळा आहे, तो तसाच राहील.

हा अपघात कुठे मोजला जातो

आमच्या नोंदणी विभागाने पहिल्या हॉस्पिटलचा कागद बघून तिचाही अपघात रस्ता वाहतुकीत घातला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात सायकलस्वार आणि कार यांच्या टकरीला व्ही-१३ हा गट आहे. सायकल चालवणारा वाहतुकीत जखमी झाला तर शेवटचा आकडा ४, आणि सार्वजनिक रस्त्याबाहेर झाला तर ०. म्हणजे पार्किंग, अंगण, शेत, कारखान्याचं आवार यांतल्या टकरींसाठी वेगळी खोली बांधून ठेवलेली आहे. पण नियम असाही आहे, की जागा लिहिलेली नसेल तर सायकलस्वाराचा अपघात वाहतुकीतलाच धरायचा. 'सोसायटीच्या आत' हे दोन शब्द कोणी लिहिले नाहीत, तर ती खोली रिकामी राहते. मी आमच्या नोंदीत बदल करून घेतला. एका आकड्याचा बदल, पण मला तो महत्त्वाचा वाटला.

दुसऱ्या बाजूला पोलिसांचे आकडे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. हे आकडे पोलिसांनी नोंदवलेल्या रस्त्यांवरच्या अपघातांवरून येतात. शेजाऱ्याच्या गाडीखाली आलेलं मूल, ज्याची तक्रार शेजारधर्माने झालीच नाही, ते त्यात येणार कसं?

अमेरिकेत हे मोजायला लागले ते एका मुलाच्या मृत्यूनंतर. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दोन वर्षांचा एक मुलगा घरासमोर वडिलांच्याच रिव्हर्स येणाऱ्या गाडीखाली आला. वडील बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि इतर पालकांनी पाठपुरावा केला, २००८ मध्ये त्या मुलाच्या नावाने कायदा झाला, आणि १ मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. रस्त्याबाहेरच्या वाहन अपघातांची वेगळी मोजणीही तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने सुरू केली. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत.

काकांच्या गाडीला सेन्सर होते आणि ते चालू होते. मी एका रविवारी त्या पार्किंगमध्ये गेले आणि काकांना गाडी बाहेर काढायला सांगितलं. गाडी हलायच्या आत सेन्सर वाजायला लागले, कारण मागच्या वाटेपलीकडे खांब आणि बाजूला दुसरी गाडी. ते शेवटपर्यंत वाजतच राहिले. "रोजच वाजतात," काका म्हणाले. रोज वाजणारा इशारा कान ऐकत नाहीत. शिवाय सेन्सर सरळ मागचं बघतात, मुलगी बाजूने आली. खांबामुळे ती आरशात दिसणं शक्य नव्हतं, आणि बाहेरच्या उन्हातून आलेल्या तिला आतल्या अंधारात हलणारी गाडी दिसली नसणार. दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही, आणि पाहता येईल अशी ती जागाच नव्हती.

"हे रोडवर नाही ना झालेलं"

हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं होतं, ते कळवावंच लागतं. हवालदार आले, बसले, चांगले बोलले आणि म्हणाले, "मॅडम, हे रोडवर नाही ना झालेलं. आणि गाडी पण हळूच होती."

कायद्यात यात अर्धं खरं आहे. भारतीय न्याय संहितेचं २८१ वं कलम बेदरकार वाहन चालवण्याबद्दल आहे आणि त्यात 'सार्वजनिक मार्ग' ही अट आहे. पण १२५ वं कलम निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल आहे, त्यात जागेची अट नाही. आणि गंभीर दुखापतीच्या व्याख्येत आता पंधरा दिवस नित्याचे व्यवहार करता न येणं बसतं. जुन्या संहितेत ते वीस दिवस होते. ही मुलगी शाळा सुरू झाल्यावरही जवळपास दोन महिने वर्गाबाहेर होती.

आईवडिलांना तक्रार करायचीच नव्हती. काका रोज हॉस्पिटलमध्ये येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. काकू डबा आणायच्या. मुलीच्या आईने मला विचारलं, "त्यांच्यावर केस करून आम्ही त्या लिफ्टमध्ये कसं उभं राहायचं?" मला उत्तर देता आलं नाही. पण बिल साडेसहा लाखांच्या आसपास गेलं होतं आणि घरचा आरोग्य विमा तीन लाखांचा होता. काकांच्या गाडीचा तृतीय पक्ष विमा याच कामासाठी असतो. लायसन्स आणि पॉलिसी वैध असताना तो दावा काकांच्या खिशातून जात नाही, पण पोलिसांच्या नोंदीशिवाय तो उभा राहणं अवघड. हे काकांनीच त्यांना समजावलं. तेच वडिलांबरोबर ठाण्यात गेले आणि स्वतःचा जबाब दिला.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो, तो ऑक्टोबरमध्ये केला. विमा कंपनीचं म्हणणं आलं, की सोसायटीचं पार्किंग ही खाजगी जागा आहे आणि सक्तीचा विमा सार्वजनिक ठिकाणापुरता असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकातच 'सार्वजनिक ठिकाण' याचा अर्थ व्यापक लावलेला आहे: लोकांचं जाणं-येणं जिथे आहे, मग ते हक्काने असो वा कोणाच्या परवानगीने, ती जागा त्यात येते. ज्या पार्किंगमध्ये दूधवाला, कुरियरवाला, पाहुणे, मोलकरणी रोज येतात, त्याबद्दल आणखी काय वाद घालायचा, असं मला वाटतं. दावा अजून चालू आहे.

बागेतला बोर्ड

त्या रविवारी मी पार्किंग पाहून निघाले तेव्हा मागच्या बाजूला बाग दिसली. छान फरसबंदी वाट, पूर्ण गोल, एकही गाडी नाही. तिच्या तोंडाशी बोर्ड होता: 'बागेत सायकल चालवण्यास सक्त मनाई.' दोन वर्षांपूर्वी एका आजोबांना सायकलचा धक्का लागला होता, म्हणून तो ठराव झाला होता. मुलांना सायकल चालवायला जागा उरली ती गाड्यांमधली. मला विचाराल तर या अपघाताचं कारण त्या बोर्डात आहे, सेन्सर आणि क्लच नंतर.

सेक्रेटरींनी मला सप्टेंबरच्या वार्षिक सभेत दहा मिनिटं बोलायला दिली. मी फोटो दाखवले नाहीत, फक्त हँडलच्या नळीचा तुकडा नेला आणि पुढच्या रांगेतल्या लोकांना तळहातावर टेकवून बघायला दिला. सभेत बरीच गरमागरमी झाली. आजोबांची बाजूही खोटी नव्हती, त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. शेवटी बागेची वाट संध्याकाळी पाच ते साडेसात मुलांच्या सायकलींसाठी ठेवायची आणि चालणाऱ्यांनी आतली हिरवळ वापरायची असं ठरलं. उताराच्या तळाशी बहिर्गोल आरसा बसला. गाडी आत लावतानाच रिव्हर्स लावायची आणि निघताना सरळ काढायची, हा ठराव मात्र मंजूर झाला नाही. रोज रात्री थकून आल्यावर एवढी कसरत कोण करणार, असं काही जण म्हणाले. काकांनी तेव्हापासून त्यांची गाडी तशीच लावायला सुरुवात केली आहे, आणि त्यांच्या रांगेतल्या आणखी तिघांनी.

जानेवारीत ती तपासणीला आली. वजन २६ किलो, सोनोग्राफीत पोट स्वच्छ, साखर व्यवस्थित. स्वादुपिंडाला इजा झालेली असल्याने साखर दरवर्षी पाहत राहायची आहे. पायात लांब मोजे घातले होते, ते काढायला ती तयार नव्हती, मीही आग्रह केला नाही. निघताना आईने सांगितलं, की सायकल अजून मीटर रूममध्येच आहे, वडिलांनी दोन्ही बाजूंना नव्या ग्रिप बसवल्यात आणि मागचा ब्रेकही नीट करून घेतलाय. "पण ही बसत नाही."

मुलगी तेव्हा दाराशी उभी राहून माझ्या टेबलावरचा मणक्याचा सांगाडा बघत होती. तिने विचारलं, "स्वादुपिंड यात कुठे असतं?" मी तिला तिचंच बोट धरून दाखवलं.